३०१८ सीएनसी : पाटी कोरताना मधेच कनेक्शन तुटतं, शिरोरेषा सरकते

पाटीवाली_कळवा

नमस्कार मंडळी. मी कळव्याला राहते, खारीगावच्या बाजूला. वागळे इस्टेटमध्ये ड्राफ्टिंगची नोकरी झाली, आता घरच्या घरी दारावरच्या नावाच्या पाट्या करते. तेव्हा ड्रॉइंग आणि मापं मला कळतात असं धरून चाला. करंट, व्होल्टेज, कपॅसिटर आलं की मात्र मी त्या गावची नाही. तिथे सोपं करून सांगा.

मशीन ३०१८ सीएनसी (कॉम्प्युटरच्या हुकुमावर कोरणारं), म्हणजे चाल ३०० बाय १८० मिलिमीटर. बोर्डावर जीआरबीएल १.१ (मशीन हलवणारं सॉफ्टवेअर), ड्रायव्हर ए४९८८, स्पिंडलला (बिट फिरवणाऱ्या भागाला) ७७५ ची मोटर, २४ व्होल्टचा अडॅप्टर. लिमिट स्विच नाहीत. मशीनला हुकूम पाठवायला विंडोजच्या लॅपटॉपवर युनिव्हर्सल जीकोड सेंडर. अक्षरं इंकस्केपमध्ये करते, टूलपाथ, म्हणजे बिटाचा मार्ग, फ्यूजनमध्ये. लाकूड म्हणजे सुताराकडचे उरलेले सागाचे तुकडे, १२ मिलिमीटरचे. बिट ६० अंशांचं व्ही.

दुखणी दोन. पाटी अर्ध्यावर आली की सेंडर सांगतो, पोर्ट बंद झालं. मशीन जागच्या जागी थांबतं, स्पिंडल मात्र फिरत राहतं, आणि बिट जिथे अडकलं तिथे सागाला काळा डाग पडतो. तो घासून जात नाही, पाटी वाया. हे पाटीच्या कुठल्याही भागात होतं, पण माझं निरीक्षण असं की नवीन अक्षर नुकतंच सुरू झालेलं असतं. अक्षर ऐन रंगात आलेलं असताना कधी तुटलेलं पाहिलं नाही.

दुसरं दुखणं जास्त जीव खातं. कनेक्शन टिकलं, पाटी पूर्ण झाली, तरी मधलं एखादं अक्षर वर किंवा खाली सरकलेलं असतं. परवाच्या 'कुलकर्णी'त 'र्णी'ची शिरोरेषा बाकीच्या रेघेपेक्षा ०.४८ मिलिमीटर वर आली. त्याआधीच्या एका पाटीवर ०.२४. व्हर्नियरने मोजलंय, अंदाजाने सांगत नाही. इंग्रजी अक्षरांत एवढं खपून जातं. आपल्याकडे सगळी अक्षरं एकाच रेघेला टांगलेली, त्यामुळे पायरी पडली की लिफ्टमधून उतरल्या-उतरल्या दिसते.

यूएसबीची केबल बदलली, पोर्ट बदललं, बोर्डावरच्या यूएसबी चिपचा, सीएच३४० चा, ड्रायव्हर काढून परत टाकला. फीड (कोरण्याचा वेग) ६०० वरून ३०० वर आणला. फरक शून्य, फक्त वेळ दुप्पट.

आणखी एक, कामाचं असेल-नसेल. एक अक्षर संपवून बिट उचलून पुढच्या अक्षराकडे जाताना मोटरचा आवाज मंदावतो आणि खाली टेकताना परत चढतो. पूर्वी असं होत नव्हतं असं वाटतं, पण त्यावर पैज लावणार नाही.

गणपतीच्या आधी एका सोसायटीच्या सगळ्या मजल्यांच्या पाट्या द्यायच्यात. लाकूड महाग आहे, प्रयोग बेताचेच करू शकते.

झटपट_ठाणे

बोर्ड गेलाय. या चायना बोर्डांचं हेच. ऑनलाइन नवीन मागवा, दोन दिवसांत येईल. सोबत लांब यूएसबी केबल घ्या म्हणजे लॅपटॉप लांब ठेवता येईल.

रबाळे_मेंटेनन्स

बोर्ड कृपया बदलू नका, आणि लांब केबल तर मुळीच घेऊ नका. यूएसबीची केबल जितकी लांब तितका तिच्यात कचरा जास्त शिरतो. एक मीटरच्या आतली, जाड, दोन्ही टोकांना फेराइटचा गोळा असलेली घ्या.

ताई, मी टीटीसी पट्ट्यात मेंटेनन्सला होतो, रबाळे ते तुर्भे सगळे गाळे पायाखालचे. मोठ्या मशीनला हेच होतं, फक्त तिथे नुकसान मोठं असतं. आमचा नियम एकच : दोन दुखणी असली की दोन समजूनच तपासायची. कनेक्शन तुटणं हा विजेचा गोंगाट असू शकतो. अक्षर सरकणं हे बहुतेक मेकॅनिकल, किंवा मोटरची पावलं चुकणं. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

लाकूड न लावता आधी हे करा. टेबलावर कागद चिकटवा, शून्याच्या जागी पेन्सिलने बारीक फुली मारा, बिटाचं टोक फुलीवर आणून शून्य करा. स्पिंडलचा प्लग बोर्डवरून काढून ठेवा. झेड दहा मिलिमीटर वर घेऊन तोच कुलकर्णींचा प्रोग्राम हवेत चालवा. संपल्यावर एक्स शून्य, वाय शून्यावर परत आणा आणि बिट फुलीवरच येतं का बघा. मग स्पिंडल जोडा, पुन्हा हवेत, तोच प्रोग्राम. तिसऱ्यांदा लॅपटॉपचा चार्जर काढून, फक्त बॅटरीवर. तिन्हीची उत्तरं वेगवेगळी आली तर निम्मं निदान झालं.

दुसरं, प्रत्येक स्टेपर मोटरचा (पावलापावलाने फिरून मशीन सरकवणारी) शाफ्ट आणि तो स्क्रूला जोडणारा कप्लर यांच्यावरून मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवा. तशीच कप्लर आणि स्क्रूवरून. या मशीनला मोटरचा शाफ्ट ५ मिलिमीटरचा, स्क्रू ८ चा, आणि मधल्या कप्लरचे ग्रब स्क्रू हमखास ढिले होतात. पाटी सरकल्यावर रेघ जुळत नसेल तर कप्लर घसरतोय. ॲलन की घ्या, शाफ्टला चपटी बाजू असेल तर एक ग्रब त्यावर बसवा, थेंबभर थ्रेड लॉकर लावा. रेघ जुळत असेल आणि तरी अक्षर सरकलेलं असेल, तर मोटर स्वतःच पाऊल चुकली.

एक लक्षात ठेवा, पोर्ट तुटून परत जोडलं की हा बोर्ड रीसेट होतो. तुमच्याकडे होमिंग (लिमिट स्विचला टेकून शून्य शोधणं) नाही, त्यामुळे रीसेटच्या क्षणी बिट जिथे असेल तेच त्याचं मशीन शून्य. मागचा वर्क ऑफसेट (तुम्ही घेतलेलं पाटीचं शून्य) मात्र त्याच्या मेमरीत तसाच राहतो. म्हणजे तुटल्यावर नुसतं 'कनेक्ट' करून पुढे रेटलंत तर सगळंच सरकणार. दर वेळी फुलीवर नेऊन शून्य नव्याने घ्यायचं.

आणि विचारायचं राहिलं : मशीनच्या ॲल्युमिनियमला हाताची मागची बाजू लावली तर झिणझिण्या येतात का?

सेंडरच्या खिडकीत दोन डॉलर टाइप करून एंटर मारा, सगळी सेटिंग येतील. ती इथे टाका.

पाटीवाली_कळवा

काका, झिणझिण्या येतात! मला वाटलं पावसाळी हवेमुळे असेल. लॅपटॉप चार्जिंगला असला की येतात, चार्जर काढला की जवळजवळ नाहीत.

तपासणीचा निकाल असा. स्पिंडलचा प्लग काढून हवेत : पूर्ण गेली, बिट फुलीच्या मध्यावर. स्पिंडल जोडून हवेत : 'ल' सुरू झाला आणि पोर्ट बंद. बॅटरीवर, स्पिंडल जोडून, हवेत : पूर्ण गेली आणि फुलीवर आली. मी खूश होऊन परत लावली तर त्या वेळी 'क'वरच तुटलं. म्हणजे बॅटरीवर कमी होतं, जात नाही.

मग धीर करून बॅटरीवरच एमडीएफच्या तुकड्यावर खरोखर कोरलं. पोर्ट टिकलं, पण 'णी' सरकला, ०.१६. कप्लरच्या सगळ्या रेघा जुळलेल्या. ग्रब स्क्रू तरीही आवळले, एक खरंच ढिला होता. तो झेडचा निघाला. माझं दुखणं वायमध्ये आहे.

सेटिंग टाकतेय. मराठी कीबोर्डवरून लिहितेय म्हणून आकडे मराठीत, मशीनला अर्थात इंग्रजीच दिलेत. $१००, $१०१, $१०२ तिन्ही ८००. $११० आणि $१११ दोन्ही १०००, $११२ आहे ८००. $१२० ते $१२२ तिन्ही ३०. $२०, $२१, $२२ शून्य. $३० आहे १००००, $३१ शून्य, $३२ एक. बाकीची मूळचीच असावीत, मी कशाला हात लावलेला नाही.

खारघर_मेकॅट्रॉनिक्स

ताई, $३२=१ हे लेझर मोडचं सेटिंग आहे. तुमच्या मशीनला कधी लेझर लावला होता का? लेझरबरोबरच्या कागदात ही ओळ टाइप करायला सांगितलेली असते. ती बोर्डाच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे कायमच्या मेमरीत, बसते, मशीन बंद करून चालू केलं तरी जात नाही.

लेझर मोडमध्ये काय होतं ते सांगतो, कारण तुमची सगळी निरीक्षणं त्यात बसतात. लेझर जी१, जी२, जी३ म्हणजे कापण्याच्या हालचालीतच पेटायला हवा. जी० म्हणजे नुसतं एका जागेहून दुसरीकडे जाणं, तिथे तो विझलेला हवा, नाहीतर प्लायवूडवर जाता-जाता रेघ जळेल. म्हणून हा मोड चालू असताना जीआरबीएल प्रत्येक जी० ला आउटपुट शून्य करतं. तिथे लेझर आहे की मोटर, हे त्याला कळत नाही. म्हणजे तुमचं स्पिंडल एका अक्षराहून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी बंद होतंय आणि बिट लाकडात शिरायला लागलं की त्याच क्षणी पुन्हा चालू होतंय. आवाज मंदावतो म्हणता तो हाच.

आता दुसरं दुखणं. मोटर पूर्ण वेग घ्यायच्या आत बिट सागात शिरलं तर ते कापत नाही, नुसतं घासतं, आणि स्टेपर त्याला ओढत नेतो. ताण वाढला की स्टेपरचं पाऊल चुकतं. तुमच्या मोजमापांनीच मला खात्री पटली. ८०० स्टेप प्रति मिलिमीटर म्हणजे २०० पावलांची मोटर, १६ मायक्रोस्टेप, आणि स्क्रूची एका फेऱ्याला ४ मिलिमीटर चाल. एक पूर्ण पाऊल झालं ०.०२ मिलिमीटर. स्टेपर चुकतो तेव्हा चार पावलांच्या पटीत चुकतो, कारण चार पावलांनी त्याच्या कॉइलचं एक चक्र पूर्ण होतं आणि रोटर तिथेच जाऊन परत पकड घेतो. म्हणजे ०.०८ च्या पटीत. तुमचे आकडे ०.४८, ०.२४, ०.१६. सहा, तीन आणि दोन पट! कप्लर घसरला असता तर ०.३७ वगैरे काहीही आलं असतं.

एक विचारतो. प्रोग्रामच्या सुरुवातीला एम३ (स्पिंडल चालू) नंतर थांबा दिलाय का?

पाटीवाली_कळवा

दिलाय ना. एम३ एस१००००, पुढच्या ओळीत जी४ पी३. त्या तीन सेकंदांत मोटर गप्प असते. मी समजत होते की मशीन 'विचार' करतंय. बिट लाकडाला टेकतं तेव्हा ती जागी होते.

आणि हो, लेझर लावला होता, भाचा आला होता तेव्हा रांगोळीचे साचे कापायला. कागद वाचून सेटिंग त्यानेच केलं.

खारघर_मेकॅट्रॉनिक्स

मग झालंच. लेझर मोडमध्ये जी४ च्या वेळी सुद्धा मोटर बंदच, कारण अजून जी१ आलेलंच नसतं. $३२=० टाका. त्यानंतर तोच जी४ पी३ खरा उपयोगी पडेल, कारण साध्या मोडमध्ये सुद्धा जीआरबीएल मोटर वेगात यायची वाट बघत नाही. पी पुढचा आकडा सेकंदांचा असतो.

$३० तुमचं १०००० आहे आणि फ्यूजनमध्ये एस१०००० दिलंय, ते जुळतं. उद्या कुणाची एस१००० वाली फाइल घेतलीत तर मोटर दहा टक्क्यांवर फिरेल आणि हेच दुखणं परत येईल, तेवढं बघा. वेग परत ६०० करायला हरकत नाही. ८०० स्टेपला १००० मिलिमीटर प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला साधारण १३,३०० पल्स होतात, आणि आर्डुइनो युनोच्या चिपवरचं जीआरबीएल ३०,००० पर्यंत आरामात जातं. फीड कमी करून तुम्हाला काही मिळालं नाही ते यामुळेच.

रबाळे_मेंटेनन्स

शाबास. लेझर मोड माझ्या लक्षातच आला नसता, आमच्या काळी मशीनला लेझर लावत नसत.

पण ताई, या मुलाचं औषध घेऊन थांबू नका. पोर्ट का तुटायचं ते यातून निम्मं कळतं. ब्रशवाली डीसी मोटर थांबलेली असताना चालू केली की क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते. २४ व्होल्ट त्या क्षणी खाली बसतो, ब्रशवर ठिणग्या उडतात, त्यांचा गोंगाट वायरीतून आणि हवेतून पसरतो. चाळीत एकाने मिक्सर लावला की सगळ्यांचे रेडिओ खरखरायचे, तसं. तुमच्याकडे हे दर अक्षराला होत होतं, म्हणून नवीन अक्षर सुरू होतानाच तुटायचं. आता एका पाटीत एकदाच होईल. पण एकदा तरी होईल, आणि झिणझिण्या तर राहतीलच. झिणझिण्या येतात, म्हणजे अर्थिंग मिळत नाहीये.

चार्जर आणि अडॅप्टर यांच्या आत गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग व्यवस्थित असेल तर गाळलेला कचरा अर्थकडे जातो. अर्थ तुटलेला असेल तर लॅपटॉपचं सगळं ग्राउंड मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, म्हणून माणसाला फक्त झिणझिण्या. पण यूएसबीच्या वायरीतून तेच ग्राउंड तुमच्या बोर्डात येतं, आणि सीएच३४० बिचारा पाच व्होल्टवाला. मोटर सुरू होताना त्याला धक्का बसला की विंडोज म्हणतं, डिव्हाइस गेलं. दोन पिनांच्या अडॅप्टरची थोडी गळती कायम राहते, तेवढ्याचं काही नाही.

आधी एक्स्टेन्शन बोर्ड बघा. भिंतीत थेट लावलाय की एक्स्टेन्शनवर? आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या कित्येक एक्स्टेन्शनना सॉकेट तीन पिनांचं असतं आणि आत वायर दोनच तारांची. अर्थची पितळी पट्टी आत नुसती शोभेला. हे काम स्वतः करू नका, सोसायटीचा वायरमन बोलवा आणि त्याच्याकडून मीटरने फेज आणि अर्थमधलं व्होल्टेज दोन्हीकडे मोजून घ्या. चांगल्या अर्थला ते फेज-न्यूट्रलच्या जवळपास यायला हवं. चार्जरची अर्थ पिन तोडा असा सल्ला कुणी दिला तर त्याला चहासुद्धा देऊ नका.

मशीनवर करण्यासारखं थोडंच आहे आणि स्वस्त आहे. ७७५ मोटरच्या दोन्ही टर्मिनलवर, अगदी मोटरच्या अंगाला लागून, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करून घ्या. त्यावर १०४ छापलेलं असतं. ५० व्होल्टचा घ्या. आणखी दोन तसलेच, एकेका टर्मिनलपासून मोटरच्या पत्र्याच्या अंगापर्यंत. मोठा डब्यासारखा कपॅसिटर लावू नका, बोर्डावरच्या मॉस्फेटला (स्पिंडल चालू-बंद करणाऱ्या भागाला) तो मानवत नाही. स्पिंडलच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ घालून न्या आणि यूएसबी केबलपासून वीतभर लांब ठेवा. बहुतेकांनी त्या दोन्ही एकत्र झिप टायने आवळलेल्या असतात, दिसायला छान दिसतं म्हणून.

झटपट_ठाणे

म्हणजे बोर्ड नाही बदलायचा?

रबाळे_मेंटेनन्स

नाही.

बेलापूर_लाकूडकाम

थोडं विषय सोडून, पण मराठी पाट्या करता म्हणून. इंकस्केपमध्ये अक्षरं पाथमध्ये बदलल्यावर युनियन करता का? देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेत थोडी घुसलेली असते, नाहीतर पडद्यावर रेघ तुटक दिसली असती. तसंच निर्यात केलं की कॅमला (टूलपाथ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ती वेगवेगळी बंद आकृती वाटते, आणि दोन अक्षरांच्या सांध्यावर बिट शिरोरेषेच्या आतून आडवं जातं. सागावर तिथे बारीक खाच दिसते. आधी ऑब्जेक्ट टू पाथ, मग अनग्रुप, मग पूर्ण शब्द निवडून युनियन. काना, मात्रा, वेलांटी सगळं एका आकृतीत येतं आणि अक्षरामागे एक प्लंज (बिट लाकडात उतरणं) वाचतो. अनुस्वार आणि नुक्ता अर्थात सुटेच राहतात.

मजकूर थेट कॅम सॉफ्टवेअरमध्ये टाइप करू नका, बऱ्याच ठिकाणी जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर येऊन बसते. इंकस्केपमध्ये ती नीट बसते.

आणि फ्यूजनच्या पोस्टमध्ये (टूलपाथचा जीकोड करून देणारा भाग) सेफ रिट्रॅक्टला जी२८ असेल तर ते बदलून क्लिअरन्स हाइट करा. होमिंग नसलेल्या मशीनला जी२८ म्हणजे चालू केलं त्या वेळी झेड जिथे होता तिथे जा असा हुकूम. तो कुठे होता हे आपल्याला कुठे आठवतंय. आमच्याकडे एक बिट असंच क्लॅम्पवर गेलं.

खाडीकाठी राहता म्हणून शेवटचं : टी८ स्क्रूवर पावसाळ्यात लाल पावडर दिसायला लागते. सुक्या फडक्याने पुसून पातळ शिवणयंत्राचं तेल. ग्रीस लावलंत तर सागाचा भुसा धरतं.

पाटीवाली_कळवा

सगळ्यांना एकदमच उत्तर देते.

$३२=० केलं. पहिला फरक कानाला कळला. एम३ ला मोटर सुरू झाली, तीन सेकंद एका सुरात फिरली, मग बिट खाली गेलं, आणि शेवटपर्यंत तो सूर बदलला नाही. एमडीएफवर 'कुलकर्णी' परत केली. शिरोरेषेवर स्टीलची पट्टी टेकवून उजेडाकडे धरली, कुठेही फट नाही. 'र्णी' सरळ. मग सागावर केली, तीही सरळ. फीड ६०० वर आणलाय.

कनेक्शन चार्जर लावून चालवलं तर तरीही एकदा तुटलं, आणि नेमकं मोटर सुरू होतानाच. म्हणजे काका म्हणाले तसंच. वायरमनला बोलावलं. भिंतीतल्या सॉकेटला फेज-न्यूट्रल २३३, फेज-अर्थ २३१. एक्स्टेन्शनला फेज-न्यूट्रल तेवढंच आणि फेज-अर्थला आकडा काही ठरेना, तरंगत होता. बोर्ड उघडला तर आत दोनच तारा, लाल आणि काळी. तिसऱ्या पिनेच्या मागे काहीच जोडलेलं नाही. कव्हरवर मात्र 'हेवी ड्यूटी' छापलेलं. वायरमन म्हणाला की तीन तारांची वायर लांबीवर मिळते, त्याने ती आत बसवून दिली. आता लॅपटॉप आणि मशीन दोन्ही त्याच एका बोर्डावर आहेत. झिणझिण्या गेल्या. अगदी गेल्या म्हणत नाही, ओला हात लावला तर किंचित जाणवतं, पण तो अडॅप्टर दोन पिनांचाच आहे.

मोटरवरचे तीन १०४ ओळखीच्या मोबाइलवाल्याने लावून दिले. आधी तो म्हणाला, मोटरला कपॅसिटर कशाला. काकांचा मजकूर दाखवला, मग गप्प बसून लावले. माझ्या स्पिंडलच्या वायरी यूएसबीबरोबर झिप टायने बांधलेल्या होत्या, हे सांगायला नकोच. आता पीळ घालून मागच्या बाजूने फिरवल्यात.

त्यानंतर चार्जर लावून, स्पिंडल चालू ठेवून, हवेत आणि लाकडात दोन्ही पाट्या पूर्ण गेल्या.

युनियनबद्दल : मी ग्रुप करून पाठवत होते, युनियन नाही. दोन अक्षरांच्या सांध्यावरची ती खाच मी पॉलिश पेपरने घासत बसायचे आणि लाकडाचा दोष समजायचे. आता प्रोग्रामच्या ओळीही बऱ्याच कमी झाल्यात.

पोस्टमध्ये बघितलं, जी२८ च होतं. माझी सवय चालू करण्याआधी झेड हाताने वर फिरवून ठेवायची, म्हणून आजवर निभावलं असणार. बदललं.

एकच शंका उरलीय. लॅमिंग्टन रोडला यूएसबी आयसोलेटर (लॅपटॉप आणि बोर्डाची वीज वेगळी ठेवणारा) मिळतो म्हणतात, तो घ्यावा का? सोसायटीचं काम हातात असताना मला धोका नकोय.

रबाळे_मेंटेनन्स

आत्ता नको. अर्थ मिळाल्यावर तुटत नसेल तर आयसोलेटर तुम्हाला नवीन काही देणार नाही. पुढे लॅपटॉप बदललात आणि दुखणं परत आलं तर घ्या, फुल स्पीडवाला कुठलाही चालेल, सीएच३४० ला तेवढाच वेग लागतो.

त्याच पैशात तीन लिमिट स्विच घ्या आणि होमिंग चालू करा. वीज गेली किंवा पोर्ट तुटलं तरी होमिंग केलं की मशीनला तेच शून्य परत मिळेल; पाटी आपोआप पुढे जाणार नाही, प्रोग्राम कुठल्या ओळीपासून चालवायचा ते तुम्हालाच सांगावं लागेल, पण लाकूड वाचू शकेल. पण सोसायटीचं काम संपल्यावर. स्विचच्या वायरीसुद्धा स्पिंडलच्या वायरींपासून लांब न्या, नाहीतर मोटर चालू होताना बोर्डाला वाटेल स्विच दाबला गेला, आणि तुम्ही इथे अलार्म एकचा नवीन धागा काढाल.

खारघर_मेकॅट्रॉनिक्स

आणि भाचा रांगोळीला परत आला की कागदावर लिहून मशीनला चिकटवा : लेझर लावताना $३२=१, काढताना $३२=०. जमलं तर सेंडरमध्ये दोन मॅक्रो करून ठेवा, 'लेझर' आणि 'स्पिंडल' नावाचे. मॅक्रोत ही एकच ओळ टाकायची, आणि पाटी सुरू करताना 'स्पिंडल'वर टिचकी मारायची.

पाटीवाली_कळवा

मॅक्रो केले. होमिंगचं गणपतीनंतर विचारते, तेव्हा $२३ चा मास्क (होमिंगची दिशा ठरवणारा आकडा) समजावून सांगा. आत्ता तिसऱ्या मजल्याच्या पाट्या लावल्यात मशीनवर.